क्वार्टरचा दहावा दिवस

सकाळी ६.४०

डबा आणि लॅपटॉप गाडीत ठेवून निघते. एप्रिलचा तिसरा आठवडा आहे, पाऊस थांबलेला आहे आणि केंटच्या खोऱ्यात उतरताना समोर माउंट रेनियर अख्खा दिसतो. आज स्प्रिंग क्वार्टरचा दहावा दिवस. आमच्या कॉलेजात आजपर्यंत एखादा विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर त्याची खूण राहत नाही. उद्यापासून सोडला तर विषयासमोर ‘डब्ल्यू’ हे अक्षर लागतं आणि ते कायमचं राहतं. त्यामुळे दर क्वार्टरला या दिवशी माझ्या दाराशी रांग असते.

सिॲटलच्या दक्षिणेला, किंग काउंटीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी ॲडव्हायझर आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी सोळा-सतरा वर्षांचे. ते हायस्कूलच्या अकरावी-बारावीत आहेत आणि त्याच वेळी आमच्याकडे कॉलेजचे विषय शिकतात. इथे पास झालेला विषय दोन्हीकडे धरला जातो, हायस्कूलच्या डिप्लोमासाठीही आणि पुढच्या पदवीसाठीही. अमेरिकेत याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. वॉशिंग्टन राज्यातल्या योजनेचं नाव रनिंग स्टार्ट.

सकाळी ७.२०

ऑफिसात अजून कुणी नाही. मुलं ईमेल रात्री लिहितात. साडेबारा, एक, पावणेदोन अशा वेळा दिसतात. ‘मला वाटतं मी चुकीच्या वर्गात आहे.’ ‘आज शेवटचा दिवस आहे हे खरं का?’ ‘विषय सोडला तर माझ्या शाळेला कळेल का?’ तिसऱ्या प्रश्नाला मी लगेच उत्तर देते: हो, कळेल, कळायलाच हवं, आणि आपण मिळून कळवू.

उरलेल्या वेळात पैशांचं एक कोष्टक तपासते. या योजनेचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे, म्हणून थोडं समजावून सांगते. रनिंग स्टार्टच्या मुलांना ट्यूशन फी पडत नाही. पण ती हवेत विरत नाही. राज्य सरकार प्रत्येक मुलामागे स्कूल डिस्ट्रिक्टला पैसे देतं. मूल जितके विषय आमच्याकडे शिकेल तितक्या वाट्यातले ९३ टक्के कॉलेजकडे येतात आणि ७ टक्के डिस्ट्रिक्टकडे राहतात. म्हणजे एखाद्या शाळेतून बरीच मुलं इकडे आली की तिथल्या शिक्षकांच्या पगाराचे पैसे कमी होतात. काही शाळा या योजनेबद्दल हात राखून बोलतात, त्यामागे हे कारण असतं. मी त्यांना दोष देत नाही. पण त्याची किंमत ज्या मुलापर्यंत माहिती पोहोचत नाही ते मोजतं, आणि हे मला मनापासून खुपतं.

सकाळी ८.००

दार उघडते. पहिला मुलगा आधीपासून बाकावर बसलेला. अकरावीतला, पाठीवर सॅक, हातात गुंडाळलेला कागद. कागद म्हणजे प्रीकॅल्क्युलसची पहिली चाचणी, शंभरपैकी एकेचाळीस.

त्याचा विषय म्हणजे मॅथ १४१. नंबराआधी ‘अँड’चं चिन्ह आहे. हे चिन्ह असलेला विषय राज्यातल्या सगळ्या ३४ कम्युनिटी आणि टेक्निकल कॉलेजांत एकच धरला जातो, त्यामुळे एका कॉलेजातून दुसरीकडे जाताना वाद होत नाही. विषय पाच क्रेडिटचा. कॉलेजचे पाच क्रेडिट म्हणजे हायस्कूलचं एक पूर्ण क्रेडिट, म्हणजे शाळेतल्या एका विषयाचं अख्खं वर्ष. शाळेत जे सप्टेंबर ते जूनपर्यंत पसरलेलं असतं त्याच्या तोडीचं काम इथे सुमारे अकरा आठवड्यांत उरकतं. एक आठवडा आजारी पडलात तर शाळेतला जवळजवळ महिना गेला.

‘आठवड्याला किती तास अभ्यास करतोस?’ मी विचारते. तो विचार करून म्हणतो, ‘सगळ्या विषयांचे मिळून दहा.’

मी कोरा कागद ओढते. पंधरा क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गातले साधारण पंधरा तास. कॉलेजचा संकेत असा की वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास. म्हणजे आणखी तीस. एकूण पंचेचाळीस. त्यात शनिवार-रविवारची दुकानातली नोकरी सोळा तास. तो आकड्यांकडे बघत राहतो. आईवडिलांनी त्याला मन लावून शिक असं सांगितलं होतं, शाळेने हुशार मुलांसाठीची योजना म्हणून सांगितलं होतं, पण ही बेरीज त्याच्यासमोर कुणी मांडली नव्हती.

आता खरा पेच. विषय आत्ता सोडला तर डब्ल्यू लागणार नाही. पण हायस्कूलची दुसरी सेमिस्टर जानेवारीअखेरीस सुरू झालेली आहे, तिथे आता गणिताच्या वर्गात जागा मिळणार नाही. इथल्या हायस्कूलच्या डिप्लोमाला एकूण २४ क्रेडिट लागतात, त्यात गणिताचे तीन. याचे दोन झालेले आहेत. तिसरं बारावीत करता येईल, तेही सप्टेंबरपासून शाळेतच, वर्षभराच्या गतीने. आम्ही दोघं त्याच्या शाळेच्या काउन्सेलरला फोन लावतो. सुदैवाने त्या उचलतात. पाच मिनिटांत ठरतं: गणित सोडायचं, इंग्रजी आणि इतिहास ठेवायचे, दहा क्रेडिट.

नाव काढायचं बटण त्यानेच दाबायचं असतं, मी दाबत नाही. हा माझा नियम आहे. तो दाबतो, आणि विचारतो, ‘मी नापास झालो का?’ ‘नाही. तू वेळेत आलास.’ हे मी त्याला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. ज्यांची मला काळजी असते ती मुलं आज येतच नाहीत. ती जूनमध्ये येतात, ग्रेड लागल्यावर, आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरत नाही. कॉलेजच्या पहिल्या ट्रान्सक्रिप्टवरचा ग्रेड सोळाव्या वर्षी मिळालेला असला तरी तो आयुष्यभर सोबत राहतो. पुढे विद्यापीठात आर्थिक मदत मागताना, मेडिकलला अर्ज करताना तो मागितला जातो. मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जात तर हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे विषयही लिहावे लागतात आणि त्यांचे ग्रेड सरासरीत मोजले जातात.

सकाळी ९.४०

रांगेत अकराजण आहेत आणि फोन वाजतो. एक आई, हिंदीत बोलणारी, पंजाबी वळणाची. केंटमध्ये पंजाबी कुटुंबं खूप आहेत आणि माझं आडनाव बघून ती माझ्याच एक्स्टेन्शनवर येतात. ‘मॅडमजी, बस इतना बता दीजिए, लडका क्लास में आता है कि नहीं?’

मला उत्तर माहीत आहे. ते माझ्यासमोर पडद्यावर आहे. आणि ते मी देऊ शकत नाही.

अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा १९७४ चा आहे, फर्पा नावाचा. शाळेत मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या नोंदींवर आईवडिलांचा हक्क असतो. पण मूल कॉलेजात दाखल झालं की वय कितीही असो, कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. मुलगा एकच, आईही तीच. शाळेच्या ऑफिसात तिला त्याची हजेरी विचारता येते, माझ्या ऑफिसात येत नाही.

या कायद्यावर मी बराच विचार केला आहे आणि मला तो योग्य वाटतो. कॉलेजच्या वर्गात बसणाऱ्या मुलाने स्वतःच्या ग्रेडची जबाबदारी स्वतः घ्यावी, ही अपेक्षा बरोबरच आहे. पण या बाईचा आवाजही खरा आहे. तिने फॉर्मवर सही केली तेव्हा या सहीनंतर आपल्याला मुलाची हजेरी विचारता येणार नाही, हे तिला तिच्या भाषेत कुणी समजावलं नव्हतं. मी तिला सांगते, मुलाने लेखी संमती दिली तर मी बोलू शकते. त्याहून चांगलं म्हणजे उद्या त्याला घेऊन या, तिघं एकत्र बसू, तो स्वतःच सांगेल. शिवाय ग्रेड शाळेकडे जातातच, तिथून ते तुम्हाला दिसतील. ती थोडा वेळ गप्प राहते. मग म्हणते, ‘ठीक है, लेके आती हूँ.’ फोन ठेवून मी मुलाला ईमेल करते, आईच्या फोनचा उल्लेख न करता: उद्या दुपारी ये, एक-दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

सकाळी १०.३०

इंग्रजी १०१ च्या वर्गात दहा मिनिटांची सूचना द्यायला जाते आणि प्राध्यापिकेच्या परवानगीने मागे बसते. हा माझ्या दिवसातला सर्वांत चांगला तास.

वर्गात वीस-बावीसजण. यातले हायस्कूलचे कोण, हे यादीवर लिहिलेलं नसतं आणि प्राध्यापिकेला ते कळायची गरज नसते. एका टेबलाशी लष्करातून परतलेले एक गृहस्थ, त्यांच्या शेजारी रात्रपाळी करून आलेली नर्सिंग असिस्टंट, आणि समोर सोळा वर्षांची सोमाली मुलगी, जिला मी ओळखते. आज चर्चा किमान वेतनावरच्या एका लेखाची आहे. मुलगी आकडेवारीवर बोट ठेवून मुद्दा मांडते. नर्सिंग असिस्टंट म्हणते, ‘हे मला पटलं, पण माझ्या शिफ्टचा हिशेब ऐक.’ पुढची सहा-सात मिनिटं त्या दोघी एकमेकींशीच बोलतात. मुलगी लिहून घेते. हायस्कूलच्या वर्गात सगळे एकाच वयाचे, एकाच परिसरातले. तिथे असं संभाषण कुठून येणार? ड्युअल एनरोलमेंटमुळे वाचणाऱ्या पैशांबद्दल सगळे बोलतात. या सहा-सात मिनिटांबद्दल कुणी बोलत नाही. मला वाटतं मुलांना इथून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

ही मुलगी दोन बस बदलून येते. शाळेची पिवळी बस कॉलेजला येत नाही. पण २०२२ च्या सप्टेंबरपासून इथल्या सार्वजनिक बस आणि लाइट रेल अठरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना मोफत झाल्या, आणि आमच्या वर्गातली गर्दी कुठून येते यावर त्याचा परिणाम झालेला मी बघते आहे. गेल्या आठवड्यात तिच्या शाळेला स्प्रिंग ब्रेक होता, मैत्रिणी घरी झोपून होत्या आणि ही सव्वासहाच्या बसला. शाळेची आणि कॉलेजची सुट्टी जुळत नाही. हे मी प्रत्येक ओरिएंटेशनला सांगते आणि प्रत्येक एप्रिलमध्ये मुलांना नव्याने कळतं.

ती बारावीत आहे. जूनमध्ये तिचे नव्वद क्रेडिट पुरे होतील आणि हायस्कूलच्या डिप्लोमासोबत असोसिएट पदवी तिच्या हातात येईल. आमचा पदवीदान समारंभ तिच्या शाळेच्या समारंभाच्या आसपासच असतो. काही मुलं कॉलेजची पदवी आधी घेतात आणि शाळेतून नंतर बाहेर पडतात. तिच्या घरात कॉलेजला गेलेलं याआधी कुणी नाही.

दुपारी १२.१०

डबा उघडते तोवर फोन. समामिशची एक ओळखीची, मंडळाच्या गणपतीत भेटतो आम्ही. नवरा-बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी दहावीत.

‘ताई, दोनच मिनिटं. तिला पुढच्या वर्षी फुल टाइम रनिंग स्टार्टला घालू का? दोन वर्षं वाचतील.’

‘तिला काय हवंय?’

‘तिला रोबोटिक्स क्लब सोडायचा नाहीये. पण फी बघा ना किती वाचते.’

फी वाचते हे खरंच. आमच्या कॉलेजात राज्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाची ट्यूशन सुमारे पाच हजार डॉलर पडते, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये तेरा हजारांच्या आसपास. पण दोन वर्षं ‘वाचतील’ हे गृहीत धरू नका, असं मी तिला सांगते. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत क्रेडिट जातात. राज्याबाहेरची खासगी विद्यापीठं ते घेतीलच असं नाही. असोसिएट पदवी घेतलेलं मूलही विद्यापीठाला अर्ज करतं तेव्हा ते फ्रेशमन म्हणूनच करतं. कम्प्युटर सायन्ससारख्या शाखेत वरच्या वर्गांची साखळी ठरलेली असते, तिथे नव्वद क्रेडिट हातात असूनही तीन-साडेतीन वर्षं लागू शकतात.

‘मग एपी बरं का?’

एपी म्हणजे शाळेतच वर्षभर शिकायचं आणि मे महिन्यात कॉलेज बोर्डाची एक परीक्षा द्यायची, १ ते ५ गुण. तिचा सगळा भार त्या एका दिवसावर. रनिंग स्टार्टमध्ये भार अकरा आठवड्यांवर, पण तो ग्रेड पुसता येत नाही. एपीचा गुण वाईट आला तर तो विद्यापीठाला न पाठवण्याची मुभा असते. तिसरा मार्गही आहे, ‘कॉलेज इन द हायस्कूल’: कॉलेजचाच विषय, पण शाळेच्या इमारतीत, शाळेच्या शिक्षकाकडून. २०२३ च्या कायद्याने सरकारी कॉलेजांमार्फत चालणारे हे विषयही मुलांना मोफत झाले. ज्या मुलीचा जीव शाळेच्या क्लबात आहे तिला हे जास्त जमेल.

ती म्हणते, ‘आपण अकरावीला कॉलेजातच जात होतो की. आपल्याला काय झालं?’

ही आठवण मराठी पालक हमखास काढतात. महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी पदवी कॉलेजांच्याच आवारात बसले. मीही नाशिकला सोळाव्या वर्षी तसंच शिकले, तेच ग्रंथालय, तेच कँटीन, त्याच लॅबमध्ये वरच्या वर्गातली मुलं. पण अभ्यासक्रम बोर्डाचा होता, परीक्षा बोर्डाची होती, आणि पदवीच्या तीन वर्षांतला एक तासही त्याने कमी झाला नाही. इथे पहिल्या दिवसापासून पदवीचं मोजमाप सुरू होतं. आपण अनुभव म्हणून जे सहज केलं, ते या मुली ग्रेड म्हणून करतात. भारतातही आता क्रेडिटची भाषा आली आहे, २०२१ मध्ये ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणि २०२३ मध्ये शाळांनाही कवेत घेणारा राष्ट्रीय क्रेडिट आराखडा. उद्या महाराष्ट्रातल्या पालकांसमोरही हेच प्रश्न येतील, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘एक विषय घेऊ दे तिला,’ मी म्हणते. ‘एकच. तिच्या आवडीचा. बाकी वेळ शाळेत.’ भात गार झालेला असतो. तसाच खाते.

दुपारी १.००

रांग.

एकाचा फॉर्म अडलेला. दर क्वार्टरला एक एनरोलमेंट व्हेरिफिकेशन फॉर्म लागतो. शाळेचा काउन्सेलर त्यावर लिहितो की या मुलाचे शाळेत किती विषय आहेत, म्हणून कॉलेजात किती क्रेडिट मोफत मिळतील. शाळा आणि कॉलेज मिळून मर्यादा १.४, म्हणजे एका पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या १४० टक्के. त्यापुढचे क्रेडिट घेतले तर बिल घरी. विद्यार्थी, पालक, काउन्सेलर, तिघांच्या सह्या. याच्या फॉर्मवर पालकाची सही नाही, कारण वडील अलास्कात मासेमारीच्या बोटीवर आहेत. आईची चालेल, मी सांगते. त्याला हे माहीत नव्हतं म्हणून तो दहा दिवस थांबला होता.

एकीला पुस्तक परवडत नाही. ट्यूशन मोफत असली तरी पुस्तकं, काही फिया, प्रवास हे कुटुंबाचे. शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळणाऱ्या मुलांना फी माफ होते, पण तसं सांगावं लागतं, कागद दाखवावा लागतो, आणि सोळाव्या वर्षी आपण गरीब आहोत हे काउंटरवर सांगणं किती जड जातं ते मी रोज बघते. म्हणून मी कुणालाही विचारत नाही. मी सगळ्यांनाच तो अर्ज देते. तिचा विषय स्टॅटिस्टिक्स. तिच्या प्राध्यापकांनी राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं मोफत पुस्तक लावलं आहे हे तिला ठाऊकच नाही. ती दुकानातल्या जाडजूड पुस्तकाची किंमत बघून आली होती. ग्रंथालयातून कॅल्क्युलेटर क्वार्टरभरासाठी मिळतो. दहा मिनिटांत तिचा प्रश्न संपतो.

बारावीतल्या एकाला आज कळतं की त्याचं सिव्हिक्सचं अर्धं क्रेडिट राहिलं आहे. कॉलेजचे सत्तर क्रेडिट झालेत, कॅल्क्युलस झालंय, आणि शाळेच्या डिप्लोमाला हे अर्धं क्रेडिट अडणार. अमेरिकन गव्हर्नमेंटच्या वर्गात अजून जागा आहे का बघते. आहे, एक, ऑनलाइन. पण दहा दिवसांचं काम बुडालेलं. प्राध्यापकांना लिहिते, विनंती करते. तासाभरात उत्तर येतं: घ्या त्याला, रविवारपर्यंत मागचं पूर्ण करेल तर. माझ्या या सहकाऱ्यांचं कौतुक कुठे छापून येत नाही, म्हणून इथे लिहिते.

मग एक मुलगी, केमिस्ट्री सोडायची म्हणते. पडद्यावर बघते तर पहिल्या चाचणीत ८७ टक्के.

‘का सोडतेस?’

‘ए येणार नाही.’

तिच्याशी मी अर्धा तास बोलते. आज सगळ्यांत जास्त वेळ तिला दिला, कारण सकाळच्या मुलाचं गणित कागदावर मांडता आलं, हिचं येत नाही. तिला केमिस्ट्री आवडते. लॅबमध्ये काय केलं हे सांगताना तिचे हात चालतात. तिची भीती बी-प्लसची आहे. मी तिला सांगते की प्रवेश देणारी माणसं सोळाव्या वर्षी कॉलेजच्या केमिस्ट्रीत मिळालेला बी-प्लस वाचू शकतात. पण मी तिच्या जागी निर्णय घेत नाही. ती उठते, दारापर्यंत जाते, परत येते आणि विचारते की केमिस्ट्रीचं ट्यूटरिंग सेंटर किती वाजेपर्यंत उघडं असतं. सहापर्यंत.

संध्याकाळी ५.२०

आज विषय ठेवणारे जास्त, सोडणारे कमी. फाइल्स बंद करून गाडीत बसते. संध्याकाळी जवळच्या एका हायस्कूलमध्ये दहावीच्या पालकांची माहितीसभा आहे. हायवेवर गर्दी आहे, पाऊण तास लागेल.

हे सगळं फार जुनं नाही. १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सायमन्स रॉक हे कॉलेज खास हायस्कूलच्या वयाच्या मुलांसाठी उघडलं. १९७२ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाने आपले विषय हायस्कूलांत नेऊन शिकवायला सुरुवात केली. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी मिडल कॉलेज हायस्कूल निघालं. १९८५ मध्ये मिनेसोटाने कायदाच केला की अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारी खर्चाने कॉलेजात शिकता येईल. देशातला असा राज्यव्यापी पहिला. पाच वर्षांनी, १९९० मध्ये, वॉशिंग्टनने रनिंग स्टार्ट आणलं. २०२२-२३ मध्ये देशभरात सुमारे पंचवीस लाख हायस्कूल विद्यार्थ्यांनी कॉलेजचा निदान एक विषय घेतला. कम्युनिटी कॉलेजांत आज पाचातला एक विद्यार्थी हायस्कूलचा आहे.

लाग्वार्डियाचं उदाहरण मी सहकाऱ्यांना वारंवार सांगते. ती शाळा पहिल्या बाकावरच्या मुलांसाठी काढलेली नव्हती. अडखळणाऱ्या मुलाला कॉलेजच्या आवारात आणून बसवलं, त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवली आणि त्याला आधार दिला तर तो टिकतो, या विश्वासावर ती उभी राहिली. आज मात्र देशभर कमी उत्पन्नाच्या घरांतली, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं ड्युअल एनरोलमेंटमध्ये त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी दिसतात. ज्या घरात कॉलेज माहीत आहे त्या घरात ही योजना आधी पोहोचते.

संध्याकाळी ६.३०

शाळेच्या ग्रंथालयात खुर्च्या मांडलेल्या. स्पॅनिश, सोमाली, व्हिएतनामी, युक्रेनियन आणि पंजाबी दुभाषे आले आहेत. मी स्लाइड कमी आणि फॉर्म जास्त आणते. प्रत्येकाच्या हातात कोरा व्हेरिफिकेशन फॉर्म द्यायचा आणि एकेक चौकट वाचायची. याला वेळ लागतो, कारण प्रत्येक वाक्य पाच भाषांत जातं. पण एरवी पालकाने फॉर्म पाहिलेला असतो तो फक्त सहीपुरता.

पहिला प्रश्न नेहमीचाच: खरंच मोफत? मी आकडे सांगते, काय मोफत आणि काय नाही. दुसरा प्रश्न एका युक्रेनियन आजोबांचा: माझी नात इंग्रजी दोन वर्षांपूर्वी शिकली, तिला घेतील का? कॉलेजच्या पातळीचे, म्हणजे १०० क्रमांकाच्या पुढचे विषय मोफत असतात. त्याखालच्या तयारीच्या विषयांची फी भरावी लागते. म्हणून आधी प्लेसमेंट करून घेऊ. ती बहुधा गणितापासून सुरुवात करू शकेल आणि इंग्रजी शाळेत चालू ठेवेल. आजोबा दुभाष्याचं ऐकून मान हलवतात आणि नातीला माझं कार्ड घ्यायला लावतात.

एक बाप विचारतो, ‘माझ्या मुलाचे ग्रेड बरे नाहीत. तो जाऊ शकतो का?’ मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला. मी मुलालाच विचारते, तुला काय आवडतं? बराच वेळ उत्तर येत नाही. मग, ‘गाड्या.’ टेक्निकल कॉलेजं याच योजनेत आहेत, ऑटोमोटिव्हचे विषयही क्रेडिटला धरतात, हे मी सांगते. मुलगा पहिल्यांदा वर बघतो. सभा संपल्यावर तो बापाला घेऊन टेबलाशी येतो आणि स्वतःच्या अक्षरात फॉर्मवर नाव लिहितो.

रात्री ८.४५

गाडीत बसून सकाळच्या पंजाबी आईच्या मुलाचं उत्तर वाचते: उद्या दोन वाजता येतो, आईलाही आणू का? ‘आण,’ असं लिहून पाठवते.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची मुलं अमेरिकेत दहावीत आहेत त्यांच्याशी थोडं बोलते. फॉलच्या वर्गांची नोंदणी उन्हाळ्याआधीच सुरू होते आणि शाळेचे काउन्सेलर जूनमध्ये सुट्टीवर जातात, त्यामुळे फॉर्म मे महिन्यातच भरून घ्या. तो मुलाने भरावा, तुम्ही शेवटी सही करा. पहिल्या क्वार्टरला एक किंवा दोन विषय, त्याहून जास्त नाही. क्वार्टर सुरू होताच त्याचा दहावा दिवस कोणता ते कॉलेजच्या कॅलेंडरवर बघून घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि तुमच्या गल्लीत, तुमच्या कामावर, मुलाच्या बसस्टॉपवर अशी एक तरी आई असेल जिला हे कुणी सांगितलेलं नाही. तिला सांगा, आणि तिच्या मुलाच्या काउन्सेलरकडे पहिल्यांदा जाताना तिच्यासोबत जा.